फुकट सांगणारा माणूस

आमच्या वाडीत त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते माझ्या सासूबाईंनी. विहिरीच्या वरच्या अंगाला, जिथं शेवटचा बांध संपून डोंगराचा उतार सुरू होतो, तिथं एक पांढऱ्या केसांचा माणूस उकिडवा बसला होता. त्यानं एक दगड उचलला, शर्टाला पुसला आणि जिभेनं चाटला. तो खाली ठेवून दुसरा उचलला. तोही चाटला. सासूबाईंनी भरलेली कळशी तशीच काठावर सोडली, घरी आल्या आणि मला म्हणाल्या, "कोनतरी जमीन बघाय आलाय. येडा असल्याचं सोंग घेतोय."

येडा आहे असं त्या म्हणाल्या नाहीत. आमच्या भागात राहिलं की हा फरक आपोआप कळायला लागतो. कुसगावच्या पुढं डोंगराच्या कुशीला आमची वाडी. लोणावळा हाकेच्या अंतरावर, हमरस्ता त्याहून जवळ. गेल्या काही वर्षांत इथं जो जो म्हणून सहज फिरायला आला, तो शेवटी जमिनीवरच येऊन थांबला. एक जण फुलपाखरांचे फोटो काढायला यायचा. त्यानं नंतर खालच्या आळीचा अख्खा माळ घेतला. एक जोडपं ध्यानासाठी शांत जागा शोधत होतं. त्यांच्या त्या शांत जागेत आता शनिवार-रविवार डीजे वाजतो. त्यामुळे आमच्याकडे पाहुण्याला आधी पाणी देतात आणि ते पीत असताना त्याच्या चपला बघतात.

मी माहेरची तळेगावची. लोणावळ्यात एका दवाखान्यात रिसेप्शनला बसते. वाडीची जागा बायकांसाठी राखीव निघाली तेव्हा शिकलेली सून म्हणून मला ग्रामपंचायतीत धाडलं. तेव्हापासून असा कोणी आला की "जरा इचार की त्याला" हे काम माझ्याकडे असतं. मी गेले आणि विचारलं, कोण आपण?

ते उठून उभे राहिले नाहीत. पुढं मला कळलं की समोरचा उभा असेल तर तेही उभे राहत, बसला असेल तर बसत. पण त्या दिवशी बहुतेक गुडघा आखडला होता. म्हणाले, सरकारच्या पाण्याच्या खात्यात जमिनीखालचं पाणी शोधायचं काम केलं, आता निवृत्त झालोय, लोणावळ्यात एका चिक्कीवाल्याच्या कारखान्यामागं खोली घेऊन राहतो. दगड का चाटता, असं विचारलं तर म्हणाले, "ओला झाला की खरा रंग दिसतो. आणि जीभ चिकटली तर समजायचं, हा दगड पाणी पितो."

"इथं काय हवंय तुम्हाला?"

"काही नको. तुमच्या विहिरीत पाणी कुठून येतं, ते तुम्हाला सांगायचं होतं."

"आम्ही विचारलं नव्हतं."

"तेही खरं," असं म्हणून त्यांनी पिशवी उचलली आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले.

वाडीनं त्यांचं नाव दगडूसाहेब ठेवलं. खरं नाव त्यांनी सांगितलं होतं, पण ते कोणी वापरलं नाही, आणि मीही इथं वापरणार नाही.

त्यांच्या तऱ्हा एकेक करून कळत गेल्या. पहिली म्हणजे ते कोणाला आपल्याकडे बोलवत नसत. आम्ही त्यांना समाजमंदिर देऊ केलं, माइक देऊ केला. माझा हेतू सरळ होता: काय बोलायचं ते सगळ्यांसमोर बोलू दे, म्हणजे पुढं नाकारता येणार नाही. त्यांनी मान हलवली. म्हणाले, लोक माझ्यासाठी येऊन बसले की ते माझं ऐकून घेतात, आणि ऐकून घेणं म्हणजे ऐकणं नव्हे. मी येतो, तुम्ही जिथं असाल तिथं.

आणि खरंच यायचे. पुरुष सापडतात न्हाव्याच्या दुकानात, म्हणून ते दाढी करायला बसायचे. रिकामं जाऊन बसणं त्यांना पटत नसे, गिऱ्हाईक होऊनच बसावं म्हणायचे. कुसगावच्या नाक्यावर एका दुकानात दाढी झाली की दुपारी लोणावळ्यात दुसऱ्या दुकानात पुन्हा तोंडाला साबण. त्यामुळे त्यांची हनुवटी कायम सोललेली, लालभडक. न्हाव्याच्या वाटीतल्या फेसाकडे बोट दाखवून ते सांगायचे की आपला सगळा सह्याद्री असाच उकळून वर आला, वरच्या अंगाला असाच फेस धरला आणि तो फेस तसाच दगड होऊन बसला. म्हणून काही खडकांना भोकं आहेत आणि त्यात पाणी राहतं, आणि काही खडक घट्ट काळे आहेत, त्यात टिपूससुद्धा शिरत नाही. गिरणीत जायचं तर डब्यात मूठभर तांदूळ घेऊन रांगेत उभे राहायचे. एसटीत कोणाशी बोलणं अर्ध्यावर राहिलं तर आपला थांबा सोडून त्याच्याबरोबर तळेगावपर्यंत जायचे आणि उलट गाडीनं परत यायचे.

"समजलं का?" असं ते कधी विचारत नसत. "आता तुम्ही मला सांगा," म्हणायचे. समोरच्यानं चुकीचं सांगितलं तर त्यांना जास्त आनंद व्हायचा. आणि प्रत्येक बोलण्याच्या शेवटी ठरलेलं वाक्य असायचं: "माझ्यावर विश्वास ठेवू नका. बघा."

हे वाक्य मला फार खटकायचं. जो माणूस स्वतःहून सांगतो की माझ्यावर विश्वास ठेवू नका, त्याच्यावर लोक पटकन विश्वास ठेवतात, हे मी दवाखान्यात औषध कंपन्यांच्या माणसांकडून शिकले होते. एकदा मी त्यांना सरळ विचारलं की पेन्शन मिळते, घरी बसायचं सोडून हे कशासाठी? ते म्हणाले, आयुष्यभर पाण्यावर इंग्रजीत अहवाल लिहिले. ते सगळे कपाटात आहेत. कपाटाला तहान लागत नाही.

वाक्य चांगलं होतं. इतकं चांगलं की ते यापूर्वी बऱ्याच ठिकाणी म्हणून झालं असणार, असं मला वाटलं.

सासूबाईंचा संशय तर माझ्यापेक्षा पुष्कळ पुढं होता. हा रिसॉर्टवाल्यांचा माणूस आहे, नाहीतर कुठल्यातरी पंथाचा आहे, नाहीतर बायको टाकून आलेला आहे, अशा तीन शक्यता त्यांनी मांडल्या होत्या आणि तिन्ही एकाच वेळी खऱ्या असू शकतात असं त्यांचं मत होतं. तरीही ते आमच्या स्वयंपाकघरात शिरलेच. सासूबाई भाकऱ्या थापत होत्या. ते दारात उकिडवे बसले, पाणी मागितलं, एक घोट तोंडात बराच वेळ घोळवला आणि गिळला. मग विचारलं, मावशी, दुरडीत भाकऱ्या एकावर एक ठेवून फडकं टाकता, मग ओल कुठं धरते?

सासूबाई त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या, "दोन भाकऱ्यांच्या मदी. आनखी कुटं धरनार?"

"भाकरीच्या पोटात नाही?"

"पोटात न्हाई. मदी."

"डोंगरही तसाच आहे," ते म्हणाले. "थरावर थर. पाणी दोन थरांच्या मध्ये धरतं. आता दुरडी जरा कलती करा."

सासूबाईंनी हात थांबवले. दुरडी मात्र कलती केली नाही, कारण सांगितलं म्हणून करणं त्यांच्या स्वभावात नाही. पण थोड्या वेळानं स्वतःशी बोलल्यासारखं म्हणाल्या की कलती केली तर ओल खालच्या कडेला येणार. ते म्हणाले, तुमची विहीर त्या खालच्या कडेला आहे. वरच्या उतारावर पाऊस मुरतो, थरांच्या मधून सरकत सरकत तुमच्याकडे येतो, म्हणून एवढ्याशा विहिरीला चैत्रातही पाणी असतं. आणि त्या उतारावर, विहिरीच्या वर, कोणी खोल भोक पाडलं तर ते पाणी तुमच्यापर्यंत यायच्या आधीच वर ओढलं जाईल. तो उतार जपा, म्हणाले. कोणाचा असेल तर त्याच्याशी आत्ताच बोलून ठेवा.

उतार आमच्या भावकीतल्या एकानं आधीच विकला होता. वर, झाडीआड, रिसॉर्ट उभं राहत होतं. हे सांगून आम्ही त्यांना माहिती कशाला पुरवायची, म्हणून आम्ही दोघीही गप्प बसलो. ते गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, "उताराचं त्याला काय पडलंय? इकत घ्यायचा आसंल."

माझा दीर संतोष लोणावळा स्टेशनवर टॅक्सी चालवतो. त्याला मी या माणसाचा माग काढायला सांगितलं. काही दिवसांनी तो बातमी घेऊन आला. चिक्कीवाल्याला खोलीचं भाडं वेळेवर मिळतं, बायको वारलेली आहे, मुलगी परदेशात आहे, दारू नाही, देवधर्म नाही. आणि परवा दुपारी दगडूसाहेब आमच्या डोक्यावरच्या रिसॉर्टच्या मालकाच्या गाडीत पुढच्या सीटवर बसून वर जाताना संतोषनं डोळ्यांनी पाहिले.

मी कोणाला काही बोलले नाही. फक्त मनातला हिशोब जुळल्यासारखं वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं.

फाल्गुनात वर मशीन आलं. बोअर मारताना उतारावरून पांढऱ्या धुळीचा लोट खाली आमच्या पत्र्यांवर येत होता. पाणी लागलं, भरपूर लागलं. रिसॉर्टचा पोहण्याचा तलाव भरला, हिरवळ केली, रविवारच्या गाड्यांची रांग आमच्या वळणापर्यंत आली. आणि चैत्र उजाडेपर्यंत आमच्या विहिरीची खालची पायरी, जी सासूबाईंनी लग्न होऊन आल्यापासून पाहिली नव्हती, ती उघडी पडली.

मशीनवाल्याच्या माणसानं संतोषला सांगितलं की जागा एका म्हाताऱ्यानं दाखवली, दगड चाटून.

मी त्यांना शोधत गेले तर ते नाक्यावरच्या न्हाव्याकडे बसलेले होते. एका गालावर वस्तरा फिरून झाला होता, दुसऱ्यावर फेस होता. दुकानात आमच्या वाडीतले काहीजण होते. मी दारातूनच विचारलं, "वरच्या बोअरची जागा तुम्ही दाखवली?"

"हो."

मला वाटलं होतं की नाही म्हणतील, मग मी संतोषचं नाव सांगेन, मग ते अडखळतील. त्या सरळ 'हो'नं माझ्या हातातलं सगळं काढून घेतलं. न्हाव्यानं वस्तरा बाजूला धरला.

"का दाखवली?"

"त्यांनी विचारलं. जे तुम्हाला सांगितलं तेच त्यांना सांगितलं. पाणी कुठं आहे ते सांगितलं, आणि तिथं भोक पाडलं तर खालची विहीर उतरेल हेही सांगितलं. माझ्याकडे दोन प्रकारचं ज्ञान नाही, बाई. एकच आहे. विचारेल त्याला ते देतो."

"आम्हाला सांगून आम्ही काय करणार होतो? आमच्याकडे मशीन आहे? त्यांच्याकडे आहे. तुम्ही दोघांना सारखंच वाढलंत, पण हात एकाचेच मोकळे होते, आणि ते तुम्हाला दिसत होतं."

त्यांनी खांद्यावरच्या टॉवेलनं उरलेला फेस पुसला, न्हाव्याला पैसे दिले आणि अर्धी दाढी तशीच ठेवून निघाले. पुढचे काही दिवस ती अर्धी दाढी लोणावळ्यात सगळ्यांनी पाहिली.

वाडीनं त्यांना बंदी केली. तसा ठराव वगैरे झाला नाही. जीपवाले त्यांना बसवेनासे झाले, घरातून पाणी मिळेनासं झालं. ते चालत यायचे. एक दिवस विहिरीवर बायका जमलेल्या असताना आले आणि जरा लांब उभे राहिले. म्हणाले, मी जे केलं त्याचं काय करायचं ते मला अजून कळत नाही. पण एक गोष्ट तुम्हाला करता येईल. एक दोरी घ्या, खाली दगड बांधा, रोज सकाळी आणि संध्याकाळी विहिरीत सोडा, आणि जिथवर ओली होईल तिथं चिंधी बांधा. वरचा पंप कधी चालतो ते कान देऊन ऐका. मी सांगतोय म्हणून मानू नका.

"आन् दोरी तुमी आननार व्हय?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही. मी तिला हातही लावणार नाही."

संशय असा कामाला आला. दगडूसाहेबांवर विश्वास नव्हता म्हणून दोरी आमची. एकमेकींवरही पुरता विश्वास नव्हता म्हणून प्रत्येक आळीनं आपापल्या रंगाची चिंधी ठरवली आणि आपापल्या बाईला मोजायला उभं केलं. खोटं बांधायची सोय कोणालाच राहिली नाही. दोनतीन आठवड्यांत रोज दोरी बघणाऱ्या कोणालाही दिसायला लागलं की शनिवार-रविवारी पाणी खाली जातं, सोमवारीही उतरलेलंच राहतं, आणि मधल्या वारांना जरासं वर येतं. पाहुणे आले की विहीर उतरत होती.

ग्रामपंचायतीतर्फे मी अर्ज केला. तालुक्याहून साहेब आले, रिसॉर्टवर चहा घेतला, विहिरीत डोकावले आणि उन्हाळ्यात सगळीकडेच पाणी उतरतं असं सांगून गेले. पोरं रस्ता अडवायचं बोलू लागली. आमच्याकडे रस्ता अडवला की दुसऱ्या दिवशी गुन्हे दाखल होतात, आणि तिसऱ्या दिवशी ज्याच्यावर गुन्हा आहे तो जमीन विकायला तयार होतो. हे सगळ्यांना ठाऊक होतं.

तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "त्यो मानूस आपल्या चुलीपशी येऊन बसला का न्हाई? तसं आपुन जाऊ. पानी जे पित्यात त्यांच्यापशी."

रविवारी सकाळी, नाष्ट्याच्या वेळेला, आम्ही सातआठ बायका वर गेलो. गेटवरचा वॉचमन आमच्याच भावकीतला. तो दुसरीकडे बघत उभा राहिला. हिरवळीवर छत्र्यांखाली पुण्या-मुंबईची माणसं ऑम्लेट, पोहे खात होती. तलावात मुलं उड्या मारत होती. आम्ही घोषणा दिल्या नाहीत. सासूबाईंनी सगळीकडे नजर फिरवली आणि ओल्या केसांची एक तरुण बाई मुलाचं डोकं पुसत बसली होती, तिच्या शेजारी गवतावर जाऊन बसल्या. दुरडी पुढ्यात ठेवली.

"ताई, भाकरी खाता का? तांदळाची हाय."

ती बाई गोंधळली, पण तिनं नको म्हटलं नाही. सासूबाईंनी फडकं काढलं, वरची भाकरी उचलली आणि मधली ओल तिला बोटानं दाखवली. ही ओल कुटं धरली बघा, म्हणाल्या. मग दुरडी कलती केली. आमच्या स्वयंपाकघरात जी कलती केली नव्हती, ती तिथं केली. डोंगर सांगितला, थर सांगितले, बोअर सांगितली, विहीर सांगितली. मध्येच थांबून मला म्हणाल्या, दोरी काढ. मी दोरी गवतावर पसरली. शेजारच्या टेबलावरचे उठून आले. कुणी विचारलं की लाल चिंधी का, हिरवी का. मागच्या आळीच्या काकूंनी सांगितलं की हिरवी आमची, आम्हाला लालवाल्यांचं मोजणं पटत न्हाई म्हणून आमी निराळी बांधतो. लोक हसले, पण ते हसणं आमच्याबरोबरचं होतं. एकदोघांनी मोबाइल वर धरले.

"आता तुमी सांगा," सासूबाई त्या बाईला म्हणाल्या, "हे पोरगं पवतंय ते पानी कुनाचं?"

तिनं मुलाला जवळ ओढून घेतलं.

तोवर मालक आला. तो भला माणूस आहे असं सगळे म्हणतात आणि मलाही तो वाईट वाटला नाही. हात जोडून म्हणाला, मावशी, ऑफिसात या, चहा घेऊ, काही अडचण असेल तर मार्ग काढू, आम्हाला याची कल्पनाच नव्हती.

सासूबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, "कल्पना कशी न्हाई? दगडूसायबांनी तुमाला मशीन यायच्या आदी सांगितलंय. न्हाव्याच्या दुकानात सगळ्यांम्होरं बोलल्यात ते."

पाहुण्यांमध्ये एक वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी चष्मा काढून मालकाकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "तुम्हाला माहीत होतं का?"

मालकाला नाही म्हणता आलं नाही. त्यानं खाली दोरीकडे पाहिलं, मग मोबाइलकडे पाहिलं, आणि म्हणाला की एक्स्पर्ट म्हणाले होते खरं, पण इतकं होईल असं वाटलं नव्हतं.

त्या उन्हाळ्यापुरती बोअर बंद झाली. तलाव रिकामा केला, त्यात खुर्च्या मांडल्या. रिसॉर्टला टँकर यायला लागले, आणि पावसाळ्यानंतर पंप किती चालवायचा हे वाडीला विचारून ठरेल असं मालकानं लोकांसमोर कबूल केलं. तो ते पाळतो की नाही हे आम्ही त्याच्या सांगण्यावर सोडलेलं नाही. मोजणं चालूच आहे.

दगडूसाहेब त्या दिवशी आमच्याबरोबर नव्हते. नंतर त्यांना कळलं तेव्हा त्यांनी सासूबाईंना पुन्हा पुन्हा विचारलं की त्या बाईनं काय विचारलं, कुणी काही चुकीचं समजलं का, थर कसे सांगितलेत. मालकाचं काय झालं हे त्यांनी विचारलंच नाही. मला तेव्हा वाटून गेलं की या माणसानं मालकाला आधी सांगून ठेवलं ते मुद्दाम तर नव्हतं? त्याला नाही म्हणायची सोय राहू नये म्हणून? तसं मी विचारलंही. ते म्हणाले, छे, इतका मी हुशार नाही. हे त्यांनी इतक्या पटकन सांगितलं की मला ते धड खरंही वाटलं नाही, धड खोटंही.

यंदा दिवाळीच्या सुमाराला एक पांढरी गाडी विहिरीपाशी थांबली. त्यातून उतरलेल्या माणसानं सासूबाईंना गोड बोलून विचारलं की इकडे पाणी कसं आहे, कुठल्या बाजूला चांगलं लागतं. मी घरातून बघत होते. मला वाटलं आता त्या त्याला हाकलतील. त्या त्याला घेऊन बांधावर बसल्या आणि सगळं सांगितलं. कुठं पाणी आहे, कुठल्या थरात आहे, कुठून येतं. हातानं दाखवून सांगितलं. तो माणूस आधी खूश झाला, मग हळूहळू गप्प झाला, आणि शेवटी आभार मानून गाडी वळवून गेला.

मी चिडले. म्हटलं, आई, सगळं सांगून टाकलंत तुम्ही त्याला, आता तो नेमका तिथंच येईल.

"मी न्हाई सांगितलं तर मशीन लावून शोधील की त्यो," त्या म्हणाल्या. "आता त्याला ह्ये बी कळलं का आमाला समदं म्हाईत हाय."

त्यांचं त्यांच्यापुरतं ठरलं आहे. माझं ठरलेलं नाही. मला अजूनही ती उघडी पडलेली पायरी आठवते आणि वाटतं की त्या बोअरची जागा सांगितली नसती तर काय बिघडलं असतं.

हेच मी दगडूसाहेबांना शेवटच्या भेटीत विचारलं होतं. ते आमच्या दवाखान्यात आले होते. मला भेटायलाच आले होते, पण रिकामे कसे येणार, म्हणून केसपेपर काढला आणि पेशंटांच्या रांगेत बसले. त्यांचा नंबर येईपर्यंत आम्ही बोललो. चिक्कीवाल्याची खोली सोडली, आता अंदर मावळात जातोय, तिकडे धरणाशेजारच्या वाड्यांनाही उन्हाळ्यात पाणी नसतं, म्हणाले. तिथल्या लोकांना अजून कोणी काही सांगितलेलं नाही.

मी विचारलं, "त्या मालकाला जागा दाखवलीत, ते बरोबर होतं का?"

त्यांनी 'विचारलं म्हणून सांगितलं' हे पुन्हा म्हटलं नाही. आतून त्यांचा नंबर पुकारला गेला. ते उठले, डॉक्टरांनी बीपी मोजलं, गोळ्या लिहून दिल्या. बाहेर येऊन ते माझ्या काउंटरपाशी उभे राहिले, कारण मी त्या वेळी उभी होते.

"आत बसल्यावरही विचार केला," म्हणाले. "नाही सापडलं. सापडलं की येऊन सांगतो. तुम्ही असाल तिथं."

संतोषला ते मध्यंतरी एकदा दिसले, तिकडच्या एका गॅरेजात, गाडीखाली झोपलेल्या मेकॅनिकशेजारी स्वतःही जमिनीवर आडवे होऊन त्याला काहीतरी सांगताना. म्हणजे प्रकृती ठीक आहे, एसटी चालू आहे, आणि यायला कुठली अडचण नाही. माहीत असलेली गोष्ट सांगायची राहिली, असं त्या माणसाचं कधी झालं नाही. तरी अजून ते आलेले नाहीत. एक तर उत्तर सापडलेलं नाही, किंवा सापडलं आहे आणि ते त्यांना स्वतःलाच ऐकवत नाही. माझा संशय दुसऱ्या शक्यतेवर आहे.